शशिधरच्या नव्या भागाचा रेट

शशिधर आणि मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत एकोणीस वर्षं एकत्र होतो. मी मोल्डर. साच्यासाठी वाळूच्या पेट्या भरायचं माझं काम. तो पॅटर्न शॉपमध्ये. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, ज्याच्यावरून घडतं तो लाकडी नमुना तो करायचा. हातकणंगल्याकडचा लिंगायत माणूस, कमी बोलणारा. त्यानं केलेल्या नमुन्यावरून नख फिरवलं तरी सांधा लागायचा नाही.

२००३ साली कारखाना नमुने बाहेरून मशिनवर करून आणायला लागला. शशिधरनं राजीनामा दिला आणि राजारामपुरीत, एका कोचिंग क्लासच्या खालच्या गाळ्यात, सहा कॉम्प्युटर मांडून नेट कॅफे काढलं. तेव्हा त्याला माऊस धरता येत नव्हता. सहा महिन्यांत तो मशिन खोलून पुन्हा जोडायला लागला. पुढं लोकांच्या घरी नेट आलं. मग गिऱ्हाईक उरलं ते गेम खेळणारं. पन्नाशी ओलांडलेला शशिधर स्वतःही खेळायला लागला. मला ते पटलं नाही. पण दुकान त्याचं, वेळ त्याचा.

२००९ सालची गोष्ट. त्याच्याकडं एक गेम फार चालायचा. एक सरदार डोंगरातली गावं सोडवत शेवटच्या गडापर्यंत जातो. सीडी सातशे रुपयांची, खेळ चाळीस तासांचा. त्या कंपनीनं या खेळाला एक छोटा नवा भाग काढला. त्याची सीडी नव्हती. पैसे भरायचे आणि नेटवरून उतरवून घ्यायचा. त्यात एक दरी आणि एक पाणचक्की, बस्स. किंमत दहा डॉलर, म्हणजे पाचशेच्या आत-बाहेर. माडीवर बँकेतले त्र्यंबकराव राहायचे, तेही रोज खेळायला यायचे. त्यांच्या कार्डावरून पैसे भरले, शशिधरनं त्यांना रोख दिले. उतरवून घ्यायला दोन दिवस लागले, कारण मध्ये लाईन तुटली आणि पहिल्यापासून सुरू करावं लागलं. एवढं करून तो भाग एकाच कॉम्प्युटरवर चालणार होता.

शशिधरनं दारात पाटी लावली. तासाचे नेहमीचे वीस, नव्या भागाला दहा जादा.

समोर विरेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. तोही खेळायला यायचा आणि कॅफेतली रोजची आठ-दहा गिऱ्हाइकं त्याच्या शब्दावर चालायची. त्यानं पाटी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मामा, मिसळीवर जादा कट घेतला तर कोल्हापुरात कोण पैसे मागतंय काय? गेम घेतलाय न्हवं, मग ह्यो त्याचा कट हाय."

बाकीच्यांना ते लगेच पटलं. कटाचे, म्हणजे वरच्या रश्श्याचे, पैसे घेणारा हॉटेलवाला आमच्या गावात टिकत नाही, हे खरंच आहे. पाटी निघाली नाही तर सगळे चौकातल्या दुसऱ्या गेम पार्लरला जाणार असं ठरलं. ते गेले असते तर शशिधरचं भाडंही निघालं नसतं.

शशिधर भांडला नाही. त्यानं मला बोलावून घेतलं आणि माझ्याकडं बोट करून सगळ्यांसमोर सांगितलं, की रेट हा ज्ञानू ठरवेल आणि तो म्हणेल ते मला मान्य.

त्याला कारण होतं. कारखान्यात नवं कास्टिंग आलं की त्याचा पीसरेट, म्हणजे नगामागची मजुरी, ठरवताना कामगारांकडून अकरा वर्षं मी बसत होतो. पद्धत सरळ होती. एक चपळ हाताचा, एक मध्यम, एक सावकाश, अशा तिघांनी पेट्या भरायच्या. मी घड्याळ लावून उभा. मधल्या माणसाच्या वेळेवर रेट. मालक आणि कामगार दोघंही ते मानायचे.

मी तेच इथं केलं. स्टूल घेऊन मागं बसलो, हातात घड्याळ. खेळ मला कळत नव्हता, पण घड्याळ कळत होतं.

विरेशनं नवा भाग एक तास दहा मिनिटांत संपवला. त्र्यंबकरावांना दोन दिवस मिळून तीन तास लागले. त्यातला बराच वेळ दार कुठं आहे हे विचारण्यात गेला. शशिधर स्वतः पाच दिवस रोज तासभर बसला आणि त्याचा निम्मादेखील झाला नव्हता.

इथं मी अडकलो. आमच्याकडं हात चपळ असला तर माणसाला पैसे जास्त. इथं हात चपळ असला तर पैसे तेच आणि खेळ कमी. विरेश सगळ्यांत हुशार, म्हणून सगळ्यांत जास्त फसला तो. मग चांगलं खेळणं तोट्याचं काय? त्र्यंबकरावांनी दार शोधलं तो वेळ त्यांना मिळालेला माल धरायचा, की वाया गेलेली मेहनत? आणि शशिधर पाच तास नक्की काय करत होता? दोन दिवस विचार केला. उत्तर येईना, म्हणून जुन्या पद्धतीला धरून बसलो.

मधली वेळ तीन तास. सातशेला चाळीस तास, म्हणजे तासाला साडेसतरा. पाचशेला तीन, म्हणजे तासाला एकशे सहासष्टच्या वर. नऊ पटीहून जास्त. किंमत बसत नाही, जादा पैसे घेऊ नयेत, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. विरेशनं माझ्यासाठी चहा मागवला.

शशिधरनं पाटी काढली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्हंजे तूबी वजनच केलंस."

मी चहाचा कप खाली ठेवला. कारखान्यात नमुन्याचे पैसे कास्टिंगच्या वजनावर लावायचे. दहा किलोचा सपाट तुकडा, नमुना एका दिवसात होणारा, त्याला पैसे जास्त. अर्ध्या किलोचा, सात भोकांचा, चार दिवस डोळे फोडायला लावणारा, त्याला कमी. शशिधर एकोणीस वर्षं एवढ्या एकाच गोष्टीवर भांडला होता. त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांत मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दुकानात कोणी नव्हतं. तू पाच तास काय करत होतास ते दाखव, म्हणालो. त्यानं सरदाराला पाणचक्कीच्या आत नेऊन उभा केला. दोन लाकडी दातेरी चाकं फिरत होती.

"मोज," तो म्हणाला.

लहान चाकाला चौदा दात, मोठ्याला बेचाळीस. मोठं एकदा फिरलं की लहान बरोबर तीनदा. मी चार वेळा बघितलं. दाताला दात बसत होता, कुठंही घासत नव्हता. शशिधर म्हणाला, की तिथं चाक नुसतं गरागरा फिरवलं असतं तरी चाललं असतं.

"विरेश हितनं पळत गेला. पर कुणीतरी बसून केलंय की ह्ये."

बघणार कोण हे माहीत नसताना केलं होतं. विरेशचा एक तास दहा मिनिटांचा खेळ मी मागं बसून पूर्ण पाहिला होता. चाकं मला दिसली नव्हती. मी घड्याळ बघत होतो.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा मी उभा राहिलो. माझं मोजमाप चुकलं, दहा रुपये वाजवी आहेत, म्हणालो.

विरेश म्हणाला, "काका, काल येक, आज येक? कारखान्यात असंच करत हुता व्हय?"

सगळे हसले. मी रागावलो नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. मी शशिधरकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे ज्ञानू," तो म्हणाला. "ठरल्याला रेट तीन म्हैनं हलवायचा न्हाय. तूच केलता ह्यो नियम."

नियम माझाच होता. पाटी लागली नाही. गिऱ्हाईक राहिलं, दुकान राहिलं. पाचशे रुपये त्याच्या खिशातून गेले.

तीन महिने झाल्यावर मी मुद्दाम गेलो. नवा भाग सगळ्यांचा खेळून झाला होता. कोणी उघडत नव्हतं. त्या कॉम्प्युटरवर शशिधर एकटा होता, त्याचा सरदार चक्कीच्या वरच्या मजल्यावर.

"मुदत संपली," तो म्हणाला. "सांग आता रेट."

मी स्टूल ओढून बसलो. या वेळी घड्याळ आणलं नव्हतं. एकाला सत्तर मिनिटांत संपतं, एकाला तीन महिन्यांत संपत नाही, आणि चाकाचे दात दोघांनाही तेवढेच. कशानं मोजायचं ते मला सुचलं नाही. तसं त्याला सांगितलं.

"मग थांब जरा," तो म्हणाला आणि पडद्यावरच्या सरदाराला जिना उतरवायला लागला. मी बघत थांबलो.