प्रोसेसरवरच्या अक्षता

प्रोसेसर निवडायला मी पाच आठवडे घेतले. बायको निवडायला पाऊण तास पुरला होता, हे कुणीतरी ऐकवणारच होतं, तिनेच ऐकवलं.

कॉम्प्युटर तिच्यासाठीच होता. ती आर्किटेक्ट. परदेशात, सस्काटूनला आल्यापासूनची पहिली धड मुलाखत मंगळवारी होती. तिथे तिला स्वतः आखलेल्या इमारतीची फिल्म दाखवायची होती, आणि ती बनवताना जुना लॅपटॉप अर्ध्यातच मान टाकायचा. "मी असेम्बल करतो," मी म्हणालो. सॉफ्टवेअरवाल्याने हे म्हणणं म्हणजे पेढे खाणाऱ्याने म्हैस पिळायला बसणं.

मग एक्सेल शीट आली. आठ कोअर, बारा, सोळा, चोवीस. कोण किती पळतो, कोण किती तापतो. चोवीसवाल्यावर जीव जडला होता, पण त्याला लागणारा पंखा आमच्या कॉम्प्युटरच्या पेटीत मावेना. सोळावर तोडगा निघाला.

"सोळा? घरात माणसं दोन."

"अगं, तुझ्या इमारतीचं काम सोळाजण वाटून घेतील."

"आधी घरी येऊ देत."

पार्सल दूरच्या वॉन शहरातल्या गोदामातून निघालं आणि मी दिवसातून वीसदा ट्रॅकिंग बघू लागलो. ते दारात आलं शनिवारी सकाळी, नेमकं दसऱ्याला. सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी म्हणून लाँग वीकेंड, आणि नवं यंत्र पुजल्याशिवाय लावायचं नाही हा माझा हट्ट. पाटावर मदरबोर्ड मांडला, प्रोसेसरची चिप बसते त्या सॉकेटचं झाकण उघडलं. हळदीकुंकू फक्त खोक्याला लावलं, तेवढी अक्कल होती. अक्षता मात्र लग्नात टाकतात तशा लांबून उधळल्या.

चिप ठेवली, तिला पकडून ठेवणारी दांडी दाबली. जाईना.

"भारी प्रोसेसर जरा ताठच असतात," मी म्हणालो आणि अंगठा रोवला.

"थांब. एक कोपरा वर आहे."

मॉडेलसाठी कागदाच्या भिंती उभ्या करून तिची नजर तयार झालेली. चिप उचलली, तर खाली केसासारख्या पिनांवर कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा लोळत होता. पिना मोडल्या असत्या, तर दुसरा बोर्ड मुलाखतीआधी मिळत नव्हता.

मॉडेलमधली झाडं चिकटवायचा चिमटा तिने आणला.

"मदत करू?"

"श्वास दुसरीकडे घे."

दाणा निघाला. दोन पिना कलल्या होत्या. त्या तिने सुईने, मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघत, सरळ केल्या. मग सगळं जोडून बटण दाबलं. पडदा उजळला आणि मी बोट ठेवून कोअर मोजले: सोळाच्या सोळा हजर. पुऱ्या तळून होईपर्यंत तिची इमारत पडद्यावर गोल फिरत होती, काचांवर ऊन घेऊन. मी झारा हातात घेऊनच नाचलो.

मंगळवारी ती निघाली तेव्हा मी अक्षतांची वाटी घेऊन दारात उभा होतो.

"पेनड्राइव्ह पर्समध्ये जाऊ दे," ती म्हणाली, "मग टाक."