सशाच्या मागून सुटणारी शिडं

याडी गोव्याला आली त्या वर्षी आमच्या शेतातली वेचणी दोनच खेपांत आटोपली होती. बोंडं झाडावरच काळी पडली होती. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. दिग्रसजवळच्या तांड्यात ती एकटी राहायची. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, म्हणून तांड्यातली माझ्या वयाची पोरं कुणी पुण्याला, कुणी सुरतेला पांगली. मी गोव्यात समुद्रकाठच्या एका हॉटेलात कामाला लागलो. तिथे पाहुण्यांना विंडसर्फिंग शिकवत. त्यांची शिडं गोड्या पाण्याने धुऊन वाळत घालायचं काम माझ्याकडे होतं. धुता धुता मीही बोर्डावर उभं राहायला शिकलो आणि चौथ्या हिवाळ्यात तिथल्या हौशी लोकांच्या मोठ्या शर्यतीत उतरलो.

ती शर्यत याडीला दाखवायची होती. खरं सांगायचं तर शर्यत हे निमित्त होतं. दुपारी वारा सुटला की मला आमच्या अंगणात झोडपलेल्या तुरीचा वास आठवायचा आणि मग कामात मन लागायचं नाही. आठ दिवसांची रजा काढून मी स्वतः जाऊन तिला घेऊन आलो.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. घरात आम्ही गोरबोलीच बोलतो, पण ते सगळ्यांना कळावं म्हणून इथे आमच्याकडच्या मराठीत लिहितो. उद्या दीडशेच्या वर शिडं एकाच वेळी पाण्यात असतील, असं मी म्हणालो तेव्हा तिने विचारलं, “मंग निंगाले सांगते कोन? शिट्टी वाजवतात काय?”

“शिट्टी वाजवली तं सगळे एकमेकांवर जाऊन आदळतीन,” मी म्हणालो. वाळूत बोटाने एक लांब रेघ ओढली आणि रेघेच्या अलीकडे शंख-शिंपले मांडले. “हे आमी. आता या टोकाकडून एक मोटरबोट निंगते आन आमच्यासमोरून त्या टोकापर्यंत पळत जाते. तिले ससा म्हनतात. ससा ज्याच्यासमोरून गेला, त्यानं त्याच्या मागून निंगाचं. पुढून कोनी गेला तं तो बाद.”

“ससा तं भित्रा असते. तो काहून पुढं पळते?”

“त्याच्यामागं दीडशे जन असतात ना.”

ती हसली. मग शेवटच्या शिंपल्यावर बोट ठेवून म्हणाली, “आन याच्यापर्यंत ससा येईपर्यंत यानं काय कराचं? उभं राहाचं?”

तीच खरी अडचण असते. बोर्डाला ब्रेक नसतो. शीड वाऱ्याला दिलं की तो सुटतो आणि वारा सोडून दिला की डगमगायला लागतो. त्यामुळे थोडा वारा घ्यायचा, थोडा सोडायचा, आणि जागा न सोडता तग धरायचा. मी हे सांगत होतो तेव्हा ती माझ्या हातांवर पडलेले घट्टे चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी माझी जागा रेघेच्या पार शेवटच्या टोकाला आली. तीन-चार जण घाईने सशाच्या पुढून जाऊन बाद झाले, त्या गोंधळात पहिल्यांदा सगळ्यांना परत बोलावलं. पुन्हा थांबणं आलं. हातांना रग लागली होती. मी किनाऱ्याकडे पाहिलं. याडी तांड्यातल्या म्हाताऱ्या बायकांसारखी आरशांची घागरा-कांचळीच घालायची, त्यामुळे एवढ्या गर्दीतही उन्हात चमकणारी ती मला लगेच दिसली. कपाळावर हात धरून ती समुद्राकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहतच राहिलो. भानावर आलो तोवर ससा माझ्यासमोरून जाऊन दूर पोहोचला होता आणि बाजूची सगळी शिडं सुटली होती.

मी त्यांच्या मागून निघालो. पाण्यातल्या पहिल्या तरंगत्या खुणेला वळताना पडलो. शीड पाण्यातून वर उचलायला वेळ लागला. तिकडे काठावर एक वाईट गोष्ट झाली, ती मला नंतर कळली. याडी सगळा वेळ दुसऱ्याच एका निळ्या शिडाकडे बघत होती. माझं शीड निळं आहे एवढंच मी तिला सांगितलं होतं. ते शीड पहिल्या दहा-बारांत काठाला लागलं, ती लगबगीने तिथे गेली, आणि त्याच्याखालून निघालेला माणूस मी नव्हतो.

मग ती पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या बोलीत विचारत राहिली, माझा लेक कुठे आहे म्हणून. कुणाला काही कळलं नाही. एका बाईने तिला धरून मागे आणायचा प्रयत्न केला, तर तिने तिचा हात झटकला.

मी आलो तेव्हा किनारा जवळजवळ रिकामा झाला होता. ती घागरा भिजवून तशीच पाण्यात उभी होती. मी जवळ गेलो, तिने माझं मनगट धरलं. रडली नाही, रागावलीही नाही. खोलीवर पोहोचेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, “घरी चाल.”

“याडी, तिकडं करू काय?”

“जे मी करून राह्यली ते करजो.”

“पुढच्या वर्षी पाहू,” मी म्हणालो. तिने ताट उचललं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

रजा संपायच्या आत मी तिला तांड्यावर पोचवलं. दोन दिवस राहिलो. शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटल्या, कुडाला शेण लावलं. तिसऱ्या दिवशी ती मला सोडायला दिग्रसच्या बसस्टँडवर आली. यवतमाळची गाडी लागली होती. मी खिडकीत बसलो, ती खाली गज धरून उभी राहिली.

“तिकडं आज हवा असन काय?” तिने विचारलं.

“अठून कसं सांगू, याडी?”

कंडक्टरने घंटी मारली. तिने गज सोडला.

त्यानंतर दर रविवारी ती सरपंचाच्या घरी फोनपाशी येऊन बसायची आणि पहिल्यांदा तेच विचारायची. आज हवा हाय काय? मी सांगायचो, हाय, दुपारून सुटली. नाही तर, आज कायचीच नाही, शिडं पडून आहेत. मग ती घरचं सांगायची. असं सहा वर्षं चाललं. मी दर वेळी पुढच्या वर्षी म्हणत राहिलो, आणि एका उन्हाळ्यात सरपंचाच्याच घरून फोन आला, ती गेल्याचा.

आता मी त्याच हॉटेलात विंडसर्फिंग शिकवतो. रविवारी दुपारी वारा उठतो, शिडं ताणली जातात, पोरं पाण्यात उतरायची घाई करतात. तेवढ्या वेळात मी हॉटेलच्या कट्ट्यावर एकटा बसून राहतो. आज हवा कशी आहे, हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं.