पुसलेली द्राक्षं

लग्नानंतरची सात-आठ वर्षं आम्ही दोघांनी सुट्टी घालवली ती सायकलवर. फेब्रुवारीच्या शेवटी चार-पाच दिवसांची रजा टाकायची, दोन सायकलींना तेलपाणी करायचं आणि चिंचवडहून नारायणगावच्या द्राक्षबागांकडे निघायचं. नवरा एका कंपनीत टूलरूमला, मी दुसऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला. रोज सायकलच दामटता, मग सुट्टीतही सायकलच का, असं शेजारणी विचारत. मी सांगायची, रोज भोंग्याआधी पोचावं लागतं, सुट्टीत कधीही पोचलं तरी चालतं.

आणि आम्ही खरंच कधीही पोचायचो. मोशीला नदीवर पाय बुडवून बसायचं, चाकणला कांद्याच्या बाजाराशेजारी चहा-भजी, रात्री खेडला नवऱ्याच्या मावसबहिणीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी घाट. मी खाली उतरून सायकल ढकलायची. नवरा उभं राहून पायडल मारायचा आणि वर जाऊन धापा टाकत माझी वाट बघायचा. ट्रकवाले ओरडायचे, "ओ भाऊ, बाईला यष्टीत बसवा की!" नवरा म्हणायचा, "तीच मला घेऊन चाललीय, राव!" मंचर मागे पडलं की दोन्ही बाजूंना वेलींचे मांडव दिसू लागायचे. बाहेर ऊन रणरणतंय आणि मांडवाखाली गारवा, जमिनीवर कवडशांची जाळी. परदेशात याची दारू करतात, इथेही कुणीतरी करणार आहे, अशा गप्पा चहाच्या टपरीवर ऐकायला मिळायच्या. त्यावर एक म्हातारा दरवेळी विचारायचा, "मंग चकन्याला काय, मनुकं?"

हे सगळं मी सांगते. बंद का पडलं ते सांगत नाही. कुणी विचारलंच तर गुडघे म्हणते. गुडघे माझे अजून ठणठणीत आहेत.

आम्ही उतरायचो ते नवऱ्याच्या टूलरूममधल्या एका सोबत्याच्या घरी. तो स्वतः भोसरीत खोली घेऊन राहायचा. बायको गावी, आईजवळ. वडील लवकर गेलेले, त्यामुळे बाग आईच बघायची. तिला आम्ही काकी म्हणायचो. कडक बाई, पण पाहुण्याच्या ताटात तूप वाढताना हात आखडायची नाही. सून तेव्हा बावीस-तेवीसची असेल.

त्या शेवटच्या वर्षी काकींनी पेट्या भरायचं काम पहिल्यांदा सुनेच्या हाती दिलं होतं. घड तोडायला रोजाने बायका मिळतात. पेटी भरायला घरचा विश्वासाचा हात लागतो, कारण मुंबईचा व्यापारी झाकण उघडून जे बघतो, त्यावर त्या घराचं नाव ठरतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिला चुलीपलीकडे काही मिळालं नव्हतं. सकाळी माझ्या हातात चहा देताना ती म्हणाली, "ताई, आजची गाडी माझी हाय."

मी तिच्याबरोबर शेडमध्ये जाऊन बसले. तोवर मी बागेत हिंडले होते, द्राक्षं पोटभर खाल्ली होती, पण पेट्या भरताना कधी पाहिलं नव्हतं. घडांचे ढीग कापडावर मांडलेले. मण्यांवर पांढुरकी पूड. औषध फवारण्याचा पंप मी आदल्या दिवशीच पाहिला होता, तेव्हा ही पूड कसली हे मी लगेच ठरवून टाकलं. एवढ्यात काकींनी सुनेला भाकऱ्या टाकायला हाक मारली. ती गेली आणि मी एकटी उरले.

कंपनीत माझ्या टेबलावर आलेला नग मी आधी पुसते, मग बघते. मी पंचा ओला केला, पिळला आणि एकेक घड हातात घेऊन पुसायला लागले. मदत करतेय म्हणून बरं वाटत होतं असं नाही. दुसऱ्याचं ढिसाळ काम नीट करतेय म्हणून वाटत होतं. ते सुख मला नेहमीच जास्त आवडत आलंय. तासाभरात निम्मा ढीग लखलखीत झाला.

सून परत आली ती दारातच थांबली. "ताई, पुसलं व्हय?"

"मग काय, औषध तसंच खायला घालायचं लोकांना? बघ कशी चमकतायत."

तिने एक घड देठाला धरून उचलला, फिरवून बघितला. "चमकत्यात," म्हणाली. मग खाली बसून पेट्या भरायला लागली. मला वाटलं, माझं काम बघून वरमली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओसरीवर चहा पीत होतो. मुंबईहून परतलेला ट्रक ड्रायव्हर अंगणात आला. "काकी, व्यापाऱ्यानं निम्म्या पेट्या बाजूला काढल्या. म्हणतो, शिळा माल पुसून चमकवून धाडला. मणी बी चिकाट झाल्यात."

काकींनी सुनेला बाहेर बोलावलं. ती चुलीपुढची उठून आली. काकी ओसरीच्या पायरीशी, माझ्यापासून दोन हातांवर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने बोलल्या, "द्राक्षावरची पांढरी लव जन्माची असती. बोट लागलं तरी उठती, म्हणून देठाला धरायचं. शेंबड्या पोराला ठावं असतंय हे. आन् इथं फडकं घिऊन पुसत बसायचं? कुणी शिकवलं?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. "कुणी न्हाई, आत्याबाई. माझं चुकलं."

"तुझं?"

"व्हय. माझंच."

ड्रायव्हर ऐकत होता. काकी हलल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. माझ्या हातात कपबशी होती. मी चहाकडे बघत राहिले. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "जाऊ द्या काकी, नवीन आहे ती. शिकेल." आणि मी मान डोलावली.

"उद्यापासनं तोडणीला जा," काकी तिला म्हणाल्या. "पेट्या मी भरंन."

परत येताना मंचरच्या अलीकडे मी नवऱ्याला सांगितलं. त्याने ब्रेक दाबला. "मग तिथेच का नाही बोललीस?"

"वेळ गेली."

"कुठे गेली? चल, मागे फिरू. तासाभराचा रस्ता."

"उद्या फर्स्ट शिफ्ट आहे माझी."

फर्स्ट शिफ्ट परवा होती. त्यालाही ते माहीत होतं. त्या दिवशी घाटात त्याने माझी वाट पाहिली नाही.

पुढच्या वर्षी मी गुडघ्यांचं निमित्त काढलं. त्याच्या पुढच्या वर्षी सोबत्याचा विषय काढून तो जेवताना म्हणाला, "त्याची आई अजून स्वतःच पेट्या भरते म्हणे. दिसत नाही धड. बायको तोडणीलाच आहे." एवढंच बोलला आणि आमटीत भाकरी कुस्करायला लागला.

त्या रविवारी मी एसटीने एकटी गेले. काकी शेडमध्ये बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की त्या दिवशी द्राक्षं मी पुसली होती.

"ठावं हाय," काकी म्हणाल्या. हात थांबला नाही.

"तिने सांगितलं?"

"ती कशाला सांगंल? या घरात द्राक्ष पुसणारं हाय कोण? मी तवा कुणाला बोलत हुते?"

लेकी बोले सुने लागे, हे मी माहेरी आईच्या तोंडून हजारदा ऐकलेलं. पाहुणीला तोंडावर बोलायचं नाही म्हणून त्या सुनेला बोलल्या. मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"तुमी बोलाल म्हणून तिथंच हुबी ऱ्हायले," काकी म्हणाल्या. "तुमी च्या पीत बसला."

"मग तिच्याकडचं काम का काढलंत?"

"ड्रायव्हरपुढं म्हणली, माझं चुकलं. त्यानं ते मुंबईला नेलं. आता तिच्या हातची पेटी व्यापारी घेईल व्हय? तवाच्या तवा तुमी बोलला असता, तर त्यानं तेच नेलं असतं."

तेवढ्यात सून डोक्यावर पाटी घेऊन मांडवातून आली, मागून तोडणीच्या दोघी. मला बघून तिचा चेहरा उजळला. "ताई! सायकल कुठाय?"

"त्या सांगाया आल्यात," काकी म्हणाल्या. "त्यांनी पुसली हुती."

मी पुन्हा सगळं सांगितलं, बायकांच्या देखत, मोठ्याने. त्यांतली एक तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया! वल्या फडक्यानं?" दोघी हसल्या. सूनही थोडी हसली. मग तिने काकींकडे पाहिलं. "मंग आता?"

"आता काय," काकी म्हणाल्या. "ऊन वाढाया लागलंय. तोडा."

तिने पाटी रिकामी केली, मण्यांना हात न लावता एकेक घड कापडावर ठेवला आणि परत मांडवात गेली. मी तिथेच उभी होते. मला कुणी बसा म्हणालं नाही.