उंबऱ्याबाहेरचं पान

आमच्या सुभेदारांना पूर्वजांचा विषय काढायला निमित्त लागत नसे. आखातात, मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंगचे फोरमन, मी स्टोअरकीपर. कामगारांच्या कॅम्पात खोली एकच. त्यांचे कुणी पूर्वज सरहद्दीवरच्या ठाण्याचे शिलेदार होते, हे दिवसातून दहादा ऐकून पोरांनी त्यांनाच सुभेदार करून टाकलं. "सहा बायका होत्या हो, पलीकडच्या वस्तीतून धरून आणलेल्या. आमच्या माणसानं साऱ्या सोडवल्या," हे सांगता सांगता त्यांचा डबा निवून जायचा.

सर्वपित्रीला मात्र हा बडबड्या माणूस गप्प. खीर-वडे स्वतः करायचा आणि फॉइलची एक ताटली दाराबाहेर ठेवायचा. मुंग्या होतात म्हणून कॅम्प बॉस ओरडला की, "हबीबी, पाच मिनिट, फिर खलास," म्हणून हात जोडायचा. घरची रीतच ती. कुणासाठी, ते त्यांच्या आईलाही ठाऊक नव्हतं. ती नुसतं 'बाहेरची' म्हणायची. त्याचाच त्यांना घोर. मला म्हणाले होते, "कोण ते कळलं ना, तर हाताला धरून आत आणीन. इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर जेवतेय बिचारी."

मी कधीकाळी मोडीचा वर्ग केला होता, हे एकदा तोंडून निसटलं आणि मी अडकलो. त्यांच्या मुलानं गावाहून माळ्यावरच्या कागदांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी मोबाइल डोळ्यांशी धरून मी वाचायचा, सुभेदार चहा पाजायचे. निम्मे कागद बांधावरच्या भांडणांचे. मग एक यादी सापडली. बायका सहाच होत्या, पण त्यांना धरून आणणारे सुभेदारांचेच पूर्वज. पाच परत केल्या. सहावी, पोरवयाची, घरी ठेवली. खाली तिला मुलगा झाल्याची नोंद होती, आणि त्या मुलाचं नाव सुभेदारांच्या वंशावळीत मी शंभरदा ऐकलेलं होतं.

"वाच की," सुभेदार म्हणाले.

मी मेला भित्रा. म्हणालो, "साऱ्या सोडवल्या, असंच लिहिलंय."

त्यांचे डोळे भरले. माझे हात हातात घेऊन बसले. मग हळूच विचारलं, "आणि बाहेरचीचं काही?"

"काही नाही."

पुढं ते कायमचे गावी गेले, पूर्वजांच्या नावाचा दगड बसवला. इथून निघताना एअरपोर्टच्या गाडीपाशी तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला मोडवला नाही, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

गेल्या पावसाळ्यात सुभेदार वारले. सर्वपित्रीला मुलानं फोटो पाठवला. आत त्यांच्या नावाचं पान, आणि उंबऱ्याबाहेर ते दुसरं. मला राहवलं नाही. सगळं लिहिलं आणि शेवटी म्हटलं, ते पान आत घे, ती तुमचीच मूळ आजी.

थोड्या वेळानं दुसरा फोटो आला. दोन्ही पानं शेजारी शेजारी. खाली एकच ओळ होती, "काका, बाबांना हे माहीत होतं?"