घरभाड्याची पावती

निघोज्यात भाड्याने राहत होतो तेव्हा मी सगळ्यात जास्त जळायचो ते घरमालकाच्या झोपेवर. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. तिसरी शिफ्ट संपवून सकाळी बसमधून उतरलो की तो ओट्यावर खुर्ची टाकून आळस देत बसलेला असायचा. चेहऱ्यावर पुरी झालेली झोप. आम्ही एकाच वयाचे. मी लातूरकडून डिप्लोमा करून आलेलो, तो बारावीच्या गणितात अडकलेला. पण त्याच्या वाडवडिलांची जमीन एमआयडीसीला लागून होती. थोडी गेली, तिचा मोबदला आला. उरलेल्या वावरात त्याने तीन मजली इमारत बांधली आणि मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग. महिना लागला की स्वतः दारोदार फिरून भाडं घ्यायचा. रोख.

माझा पगार मात्र हातात यायच्या आधीच छाटलेला असायचा. पगारवाढ झाली तेव्हा बायकोने पेढे आणले होते. नंतर कळलं, वाढीतला चांगला तुकडा करातच गेला.

जानेवारीत कंपनीने सांगितलं की घरभाड्याच्या पावत्या आणि मालकाचा पॅन नंबर दिला तर करात सूट मिळेल. गुरुवारी सुट्टी होती, मी खाली गेलो. त्याने आत बसवलं, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं.

"पावती न्हाई जमायची, भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "आमी शेतकरी हाय. आमच्या कागदावर नुसता कांदा असतो."

त्या वावरात कांदा निघून कित्येक वर्षं झाली होती. जिथे वाफे होते तिथे आता माझं न्हाणीघर होतं. शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो हे मला ठाऊक होतं, पण भाड्याचा पैसाही त्याच कांद्यात जातो हे कुणी इतक्या घरगुती सुरात सांगेल असं वाटलं नव्हतं. वर येऊन बायकोला म्हणालो, राग आलाय. खरं म्हणजे तो राग नव्हता. माझं असं एक वावर असतं तर मीही असाच खुर्ची टाकून बसलो असतो, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि तेच आत सलत होतं.

मी निघताना त्याने पावतीऐवजी भाडं थोडं कमी करायची तयारी दाखवली होती. अट एकच, बाकीच्यांना सांगायचं नाही. मी हो म्हणालो होतो.

पुढच्या महिन्यात टँकरपाशी पत्र्याच्या खोलीतली बाई भेटली. परभणीकडची. नवरा कंत्राटावर हेल्पर, ती एका कँटीनमध्ये भांडी घासायची. मागच्या सगळ्या खोल्यांचं भाडं वाढलं म्हणाली.

"दादा, तुमचंबी वाढलं का?"

मी नाही म्हणालो. तिने मान वर करून आमच्या गॅलरीकडे, तिथल्या कूलरकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. तिच्या घरात कर कापण्याइतका पगारच नव्हता, त्यामुळे पावती मागायला ती जाणार तरी कशाला? तेला-साबणावरचा कर मात्र आम्ही आणि ती सारखाच भरत होतो.

मालकाकडे जाऊन मी म्हणालो, माझं पहिल्यासारखं करा आणि त्यांचं कमी करा.

"तुमी जुनंच द्या मग," तो म्हणाला. "त्यांचं आता वाढलंय, राव. ते न्हाई खाली येत."

माझं त्याने खरंच पुन्हा वाढवलं. बायको बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पाडव्याला त्याच्या दारात नवी काळी गाडी आली. तिच्या दरवाजांची रबरं आमच्याच लाइनवर तपासून जायची. तुमाला त्यातलं कळतं म्हणत त्याने मला आग्रहाने आत बसवलं. मी दार लावून घेतलं आणि रस्त्यावरच्या कंटेनरचा आवाज एकदम थांबला. इतकं शांत मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं. बाहेर तो काचेतून हसत होता, आणि मला तिथून उतरावंसं वाटत नव्हतं.

ती परभणीची माणसं उन्हाळ्यात राजगुरुनगरच्या बाजूला राहायला गेली. भाडं कमी, पण कामावर यायला दोन बस. खोली रिकामी झाल्यावर मालक जिन्यात भेटला, कंपनीतलं कुणी आहे का बघा म्हणाला. आमच्याकडे नुकतीच ट्रेनी पोरांची नवी तुकडी आली होती आणि त्यांतले काहीजण रोज माझ्याकडे खोलीची चौकशी करत होते.

"कुणी नाही," मी म्हणालो.

त्याला नाही म्हणता येईल असं माझ्याजवळ तेवढंच होतं. तो बरं म्हणाला आणि खाली गेला. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो तर त्या खोलीत गाद्या पडल्या होत्या आणि बाहेर दोरीवर कुणाचे तरी नवे युनिफॉर्म वाळत होते.