वारं गेलेला हात

मांडे करावेत तर द्रौपदाबाईनं, सगळ्यांच्या अक्कानं, असं अमळनेरच्या आसपासची चार गावं म्हणायची. पुरणानं भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत ती कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर असा अंथरायची, की सुरकुती सापडू नये. लग्न असो की अक्षय्यतृतीयेची आखाजी, आधी अक्काला सांगावा, मग भटजीला.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू वळणावर आला. हात मात्र लोंबत राहिला. धुळ्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं, "दोन घमेली घ्या. एकात सोसेल एवढं ऊन पाणी, दुसऱ्यात बर्फाचं. आलटून पालटून हात बुडवा. नकोसं झालं की आजींनी स्वतः हात ओढायला बघायचं. हाताला नाही, डोक्याला जाग आणायची आहे."

"डोकं तं मनं जागंच शे," अक्का म्हणाली, "त्यानाच तं तरास शे."

घरी सून कलाबाई रोज आतून घमेली भरून आणून ओट्यावर मांडायची. अक्का हाताला आधी हुकूम सोडायची, मग शिव्या. हात ढिम्म. ऊन काय, गार काय, त्याला सगळं सारखंच. शेजारची नर्मदाबाई म्हणायची, कबुतराचं रक्त चोळा.

"तुनी जीभवरतीन वारं जाई ना, तवय चोळजो," अक्का म्हणायची.

हिवाळा असाच गेला. होळी गेली. आखाजीला खापर चढवायचंच, एवढं एकच अक्काच्या डोक्यात होतं. गल्लीतल्या तोतारामची लेक सासरहून यायची होती, त्याला तिनं मांडे कबूलही करून टाकले होते.

एक दिवस साबणाची वडी गार पाण्याच्या घमेल्यात पडली. अक्कानं चांगला हात आत घातला आणि तसाच ठेवला. पाणी कोमट होतं, बाळंतिणीच्या लेकराला न्हाऊ घालावं तसं.

"कले, हाई गारं पानी शे?"

कलाबाई पदराशी चाळा करत राहिली. "अक्का, वारं गयेल आंगले गारं पानी लावतस का कोठे? पुन्हा वारं जाई म्हनीसन मी रोज त्यामा जरासं ऊन टाकी देऊ."

"आनि बर्फ?"

"बर्फ आनाच नही कधी."

सुनेनं कपट केलं असतं, तर भांडायला सोपं गेलं असतं. ही तर शाल पांघरायची, खिडकीला गोणपाट लावायची, वाऱ्याची झुळूक लागू द्यायची नाही. अक्कानं घमेलं पायानं लोटून दिलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या चांद सरबतवाल्याकडून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आली. कलाबाई तोंड फिरवून बसली. अक्कानं हात बुडवला. बराच वेळ काही नाही. मग खांद्याकडून मुंग्या उतरल्या, मनगटाला हिसका बसला आणि बोटं पाण्याबाहेर फडफडली.

"ओ नर्मदाबाई, हालना हो, हात हालना," कलाबाई कुडाकडे धावली.

"गप बस. पानीमा मासोयीबी इतली हालस."

आखाजी तोंडावर आली. तोताराम विचारायला आला, तेव्हा अक्कानं त्याच्यासमोरच हात उचलून बघितला. छातीपर्यंत आला, थरथरला, मांडीवर आपटला.

"दुसरी बाई देख, भाऊ."

"पुढला साल करशात, अक्का."

"पुढला सालनं माले काय सांगस? लेक तुनी यंदा येस ना?"

तोताराम चपला घालून गेला. अक्कानं घमेलं पायानं पुढं ओढलं. मग आत हाक दिली.

"कले, बर्फ टाक. हात लावीसन देख, गारं शे का. आते मी जासू तं गारठामा जासू, तुना कोमटमा नही."

कलाबाईनं बर्फ फोडला, घमेल्यात बोटं बुडवली आणि शहारून काढली.

"शे," ती म्हणाली.