बुरशीला सर्दी व्हावी म्हणून

बैल विकले, कोठा रिकामा झाला. त्यात मी धिंगरी अळंबी, म्हणजे आमच्याकडचे टेकोडे, लावली, तर घरात असा गहजब, जसं काही मी देवघरात कोंबड्या सोडल्या. माझ्या दिराला तिथं ट्रॅक्टर उभा करायचा होता. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, पायरीवर बसून निकाल दिला, "या खेपेचा माल चांगला निंगाला तं कोठा सुनेचा. नाही तं ट्रॅक्टरचा." आणि तंबाखू मळायला लागले.

मला तो कोठा हवाच होता. एवढ्या मोठ्या घरात मला माझं कुलूप लावता येईल असं एक दार नव्हतं.

धानाचं तणस भिजवलं, उकळलं, बियाणं घालून पिशव्या भरल्या, आढ्याला टांगल्या. आत पांढरं जाळं झकास पसरलं. आणि एका सकाळी बघते तर पिशवीवर हिरवा डाग. मग शेजारच्या पिशवीवर. मग तिच्या शेजारच्या. खराब पिशव्या गावाबाहेर पुरल्या, चुना मारला, त्या बुरशीच्या खानदानाचा उद्धार केला. पण मेली माझ्या नवऱ्यासारखीच, बोललेलं ऐकूच येत नाही.

मुलगी नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. दिवाळीला आली, डाग पाहिले आणि हरखलीच. "माय, फेकू नको! कालेजात नेतो थोडी. हिच्यात व्हायरस आहे का, पाहाचं आहे."

"बुरशीले व्हायरस?"

"मंग! तिलेही होते. आतमंधी गुपचूप राहते तो. दोन बुरश्यांचे धागे जुळले का इकडून तिकडं जाते. कधी कधी बुरशी कमजोर पडते, वाढतच नाही."

"अवो, मंग तोच आण ना! कृषी केंद्रात भेटते का?"

"नाही भेटत, माय. अभ्यासच चालू आहे अजून. बहुतेक वेळा तं बुरशीले काहीच होत नाही. एखाद्या वेळी उलटा जोर येते तिले."

घ्या! म्हणजे व्हायरसही आमच्या दिरासारखाच, कामाला येईलच याचा भरोसा नाही. तरी मी हात जोडले. ज्याच्या भीतीनं आपण तोंडं बांधून फिरलो, त्यालाच म्हटलं, ये रे बाबा, या हिरवीला धर, चांगली अंथरुणाला खिळव.

मामाजी दारात उभं राहून ऐकत होते. त्यांनी नातीला विचारलं, "नाव काय म्हनते या बुरशीचं?"

"ट्रायकोडर्मा, आबाजी."

मामाजींचा चेहरा उजळला. "अवो, ते तं मीच टाकतो!"

हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायला आणलेला पुडा होता त्यांच्याकडे. रोज सकाळी मी नळावर गेले की त्यातली चिमूटभर ते माझ्या पिशव्यांच्या छिद्रांवर भुरभुरत होते.

"हरभरा मरत नाही त्यानं," ते म्हणाले. "म्हटलं, सुनेच्या टेकोड्याईलेही लागू पडन. तू जितली पायजे ना व, बाई."

मुलीनं त्यांना समजावलं. शेतात ही बुरशी रोगाच्या बुरशीला खाते, म्हणून ती औषध. पण आबाजी, टेकोडेही बुरशीच. तिला काय कळतं, कोणती सुनेची आणि कोणती रोगाची? मामाजींचं तंबाखू मळणं थांबलं.

मला आधी असा संताप आला, की तो पुडा त्यांच्याच डोक्यावर रिकामा करावा. मग एकदम रडू आलं. निकाल द्यायला बसलेला माणूस चोरून माझ्याच बाजूनं लढत होता, आणि त्यानंच मला हरवलं होतं.

माल गेलाच. दीर ट्रॅक्टर घेऊन दारात हजर. मामाजी आडवे उभे राहिले.

"मांगं घे. निंबाखाली लाव."

"पन बाबा, तुमीच तं म्हटलं होतं!"

"म्हटलं असन."

दीर धुसफुसत गेला. मी कोठा धुऊन काढला, नवं तणस भिजत घातलं. मामाजी आले आणि उंबऱ्याशीच थांबले. तो कोठा त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेला.

"बाई," ते म्हणाले, "मले आत येऊ देशीन का?"

"हातपाय साबनानं धुवा," मी म्हटलं. "आन धोतर बदला."

ते निमूट नळाकडे गेले.